फाइल ठेवायची कशी, म्हणजे मागितल्यावर सापडेल

एकाच बाईंच्या दोन फायली माझ्या हातात होत्या. एकीवर माहेरचं आडनाव, दुसरीवर सासरचं. माहेरच्या आडनावाच्या फायलीवर वरच्या कोपऱ्यात लाल पेनाने ‘पेनिसिलिन चालत नाही’ असं ठळक लिहिलेलं. डॉक्टरांच्या टेबलावर गेली होती ती मात्र दुसरी. इंजेक्शन भरून तयार होतं. बाईंनीच नर्सला विचारलं, “यात पेनिसिलिन नाही ना?” म्हणून निभावलं.

दुसरी फाइल मीच उघडली होती. सकाळची गर्दी, खिडकीसमोर रांग, आणि मी विचारलं होतं, “पहिल्यांदाच आलात का?” त्या “हो” म्हणाल्या. त्या विभागात त्या खरंच पहिल्यांदा आल्या होत्या. खोटं त्या बोलल्या नव्हत्या, प्रश्न माझा चुकला होता.

रेकॉर्ड रूममध्ये मी एकवीस वर्षं काढली. पहिली बारा निव्वळ कागदावर, नंतरची कागद आणि संगणक दोन्ही सांभाळत. दवाखान्यात नव्याने हे काम ज्यांच्या गळ्यात पडतं त्यांच्यासाठी हे लिहितेय. मोठं रुग्णालय असो की एका डॉक्टरांचा दवाखाना, फायली रचून ठेवायला कुणीही ठेवतं. मागितल्यावर ती दोन मिनिटांत हातात यायला हवी, आणि आलेली फाइल पूर्ण असायला हवी. सगळी खटपट एवढ्यासाठी. सॉफ्टवेअर घेतलं की हे आपोआप होईल, असं डॉक्टरांना वाटतं. ज्यांच्या कागदांत घोळ होता त्यांचा तोच घोळ संगणकावर जास्त वेगाने होतो, एवढाच फरक मी पाहिला.

एक माणूस, एक नंबर

१९०७ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये हेन्री प्लमर या डॉक्टरांनी एक पद्धत घालून दिली. प्रत्येक रुग्णाला एक नंबर, आणि त्याच्या सगळ्या नोंदी त्या नंबरच्या एकाच फायलीत. त्याआधी डॉक्टर आपापल्या वह्यांत लिहीत, आणि एकाच माणसाची हकिगत चार वह्यांत विखुरलेली असे. आज तुम्ही कुठलंही सॉफ्टवेअर वापरा, त्याचा पाया हाच आहे. तो पाळला नाही तर वरचे सगळे मजले वाकडे.

म्हणून नवा नंबर देण्याआधी जुना शोधायचा. मी आता असं विचारते: “याआधी इथे कधीही, कुठल्याही विभागात, कुणाहीकडे आला होतात का? तेव्हा नाव हेच होतं का?” दुसरा प्रश्न विसरू नका. लग्नानंतर बदललेलं नाव, लाडाचं नाव, वडिलांऐवजी आजोबांचं नाव, सगळं या एका प्रश्नात बाहेर येतं.

ओळख पटवताना नाव आपण सुचवायचं नाही. “तुम्हीच कुलकर्णी ना?” म्हटलं की कमी ऐकू येणारा किंवा घाबरलेला माणूस नुसती मान हलवतो. “पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा” असं म्हणून त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. दोन गोष्टी जुळल्याशिवाय फाइल पुढे सरकवू नका. खाट क्रमांक ही ओळख नव्हे. माणूस संध्याकाळी दुसऱ्या खाटेवर असतो.

नाव शोधताना पूर्ण नाव टाइप करू नका, पहिली तीन-चार अक्षरं टाका आणि यादी डोळ्यांनी बघा. गायकवाड रोमन लिपीत किती प्रकारे लिहिलेलं सापडतं ते एकदा मोजून पाहा. काही सॉफ्टवेअरमध्ये उच्चारावरून शोधायची सोय असते. त्यातली साउंडेक्स ही जुनी पद्धत १९१८ साली पेटंट झाली, ती इंग्रजी नावांसाठी. ती पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवते, त्यामुळे एकाने ‘व्ही’ने आणि दुसऱ्याने ‘डब्ल्यू’ने लिहिलेला वाघ तिला दोन वेगळे वाघ वाटतात. देवनागरीतही सुटका नाही. आपण शाळेत क्ष आणि ज्ञ शेवटी शिकलो, पण संगणकाच्या साध्या क्रमवारीत क्ष येतो क च्या पोटात, कारण त्याच्या लेखी तो क आणि ष आहे. आमच्याकडे नवी आलेली मुलगी क्षीरसागर यादीच्या तळाशी शोधत बसली, ‘नाही’ म्हणाली आणि तिने नवा नंबर दिला. चूक तिची म्हणवत नाही.

जन्मतारीख माहीत नसली की बरेच जण १ जानेवारी टाकून मोकळे होतात. टाका, पण शेजारी ‘अंदाजे’ ही खूण हवीच. नाहीतर काही वर्षांनी निम्मं गाव १ जानेवारीला जन्मलेलं दिसतं आणि ओळख पटवायचा तो धागा निकामी होतो. नवजात बाळाला आईच्या नावाने तात्पुरतं नाव मिळतं. बारसं झाल्यावर नाव बदलायचं, नंबर तोच ठेवायचा. जुळ्यांच्या बाबतीत जन्माची वेळही लिहा.

आकडा ऐकताना

हा भाग मला कुणी शिकवला नाही, चुका करून कळला. मराठीत आपण एकक आधी बोलतो. ‘सत्तेचाळीस’ म्हणताना कानावर आधी सात पडतो, आणि हात घाईत असला की ७४ लिहून मोकळा होतो. त्रेसष्टचे छत्तीस असेच होतात. एकोणसाठ आणि एकोणसत्तर फोनवर जवळजवळ सारखे ऐकू येतात. त्यामुळे नंबर नेहमी सुटा सांगायचा: चार आठ, दोन तीन, एक सात. ऐकणाऱ्याने तसाच सुटा परत म्हणून दाखवायचा.

नंबराची रचना तुमच्या हातात असेल तर शेवटी एक तपासणी अंक जोडून घ्या. आधीच्या अंकांवरून हिशोब करून तो निघतो. कुठे एक अंक चुकला तर हिशोब जुळत नाही आणि संगणक तिथेच अडवतो. लून नावाची पद्धत यासाठी बरीच वापरतात. एक अंक चुकला तर ती नेमकी पकडते, शेजारचे दोन अंक उलटे झाले तरी बहुतेक वेळा पकडते, पण ०९ चे ९० झाले तर तिला कळत नाही. व्हेरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ साली दिलेली पद्धत शेजारच्या अंकांची अदलाबदल सगळी पकडते. उलटे अंक हीच आपली मोठी दुखरी नस असल्यामुळे सॉफ्टवेअरवाल्याला मी दुसरीच मागेन.

रॅकवर कुठला क्रम

फायली शे-दोनशे असतील तर आडनावाने लावा, काही बिघडत नाही. हजाराच्या पुढे गेल्या की आडनावाचा क्रम त्रास देतो. एकाच आडनावाचा अख्खा कप्पा होतो. मग नंबराने लावायच्या. त्यातही सरळ क्रमाने लावल्या, म्हणजे १, २, ३, तर नव्या सगळ्या फायली शेवटच्या रॅकवर जातात. जास्त येणंजाणं नव्या रुग्णांचंच, म्हणून सगळी माणसं त्याच रॅकपुढे एकमेकांना ढकलत उभी, आणि जुन्या रॅकवर धूळ.

यावर उपाय शेवटच्या अंकांनी लावण्याचा. आम्ही त्याला ‘उलटा क्रम’ म्हणायचो. समजा नंबर ४८-२३-१७ आहे. वाचायचा मागून. आधी १७ नंबरचा विभाग गाठायचा. त्या विभागात २३ चा गठ्ठा शोधायचा. त्या गठ्ठ्यात ४८ वी फाइल. तिच्या शेजारी कोण? ४८-२३-१८ नाही, तो तर पुढच्या विभागात. शेजारी ४९-२३-१७, मग ५०-२३-१७, असं ९९-२३-१७ पर्यंत, आणि त्यानंतर ००-२४-१७. पहिले दोन दिवस डोकं गरगरतं. तिसऱ्या दिवशी हात आपोआप जातो.

फायदा असा, की ०० ते ९९ असे शंभर विभाग होतात आणि लागोपाठचे शंभर नवे रुग्ण आले की प्रत्येक विभागात बरोबर एक फाइल वाढते. एकाच ठिकाणी जागा संपत नाही. काम वाटून देणंही सोपं: ०० ते २४ तुझे, २५ ते ४९ तिचे. त्या पट्ट्यात फाइल चुकीच्या जागी गेली तर कुणाला विचारायचं ते ठरलेलं.

शेवटच्या दोन अंकांना फायलीच्या कडेवर रंगीत पट्ट्या लावा, ० ते ९ ला दहा रंग. १७ च्या विभागात सगळीकडे तेच दोन रंग दिसणार; मध्येच एखादी वेगळी पट्टी आली तर दारातून दिसते. पट्टीवर अंकही छापलेला हवा. आमच्यातल्या एका सहकाऱ्याला लाल-हिरवा वेगळा दिसत नव्हता, आणि संकोचाने त्याने ते वर्षभर सांगितलं नाही.

रिकामी जागा गप्प बसता कामा नये

सगळ्या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

मला काम शिकवणारे काका म्हणायचे, “फाइल जागेवर नसली तर चालेल, पण ती कुठे गेली हे त्या जागेने सांगितलं पाहिजे.” फाइल काढली की तिच्या जागी पुठ्ठ्याचं आउट कार्ड उभं करायचं. फाइलपेक्षा थोडं बाहेर येणारं, भडक रंगाचं. त्यावर चार गोष्टी: फाइलचा नंबर, कुणाकडे गेली, कुठल्या तारखेला, कुणी काढली. फाइल परत आली की ओळ खोडायची आणि कार्ड काढायचं. कार्डाशिवाय फाइल काढायला वरिष्ठ डॉक्टरांनाही परवानगी नाही. हे पहिल्या आठवड्यातच सांगून टाका, नंतर सांगणं जड जातं.

मेख पुढेच आहे. पहिल्या डॉक्टरांकडे गेलेली फाइल ते शेजारच्या डॉक्टरांना देतात, आणि कार्डावर पहिल्यांचंच नाव राहतं. त्यासाठी टेबलांवर चिठ्ठ्यांचं छोटं पॅड ठेवा: ‘फाइल अमुक नंबर, माझ्याकडून तमुकांकडे’. चिठ्ठी आमच्या पेटीत पडली की आम्ही कार्ड बदलणार. दहापैकी सहा जण चिठ्ठी टाकतील. उरलेल्या चौघांसाठी रोज संध्याकाळी एक फेरी मारावी लागते, त्याला इलाज नाही. सात दिवसांपेक्षा जुनी कार्डं दर सोमवारी बघून ज्याच्या नावावर असतील त्याला फोन करायचा.

आतले कागद

फाइल उघडल्यावर पहिल्या पानावर काय दिसतं यावर बरंच अवलंबून असतं. पहिलं पान असं ठेवा: ॲलर्जी, सध्या चालू औषधं, जुने आजार आणि ऑपरेशनं. त्यामागे भेटीच्या नोंदी, ताजी वर. मग तपासण्या, मग बाहेरून आलेली पत्रं, शेवटी संमतीपत्रं. क्रम कुठलाही घ्या, पण सगळ्या फायलींत तोच.

आजारांची यादी वर आणि प्रत्येक नोंद त्या यादीतल्या आजाराला जोडलेली, ही कल्पना लॉरेन्स वीड या डॉक्टरांनी १९६८ साली मांडली. नोंद चार भागांत लिहायची, रुग्ण काय सांगतो, तपासताना काय दिसलं, आपल्याला काय वाटतं, पुढे काय करायचं, ही रीतही तिथूनच आली. डॉक्टरांनी कसं लिहावं हे आपण सांगायचं नसतं, पण छापील कागदावर चार रकाने आखून दिले की ते आपसूक तसं लिहितात. मी हे केलंय.

ॲलर्जीचा रकाना कधी कोरा सोडू नका. कोरा रकाना म्हणजे ‘विचारलं, काही नाही’ की ‘विचारलंच नाही’? ते कुणालाच कळत नाही. विचारून नाही म्हणाले असतील तर तसं लिहा आणि तारीख घाला.

चुकलं तर एक सरळ रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर मजकूर, सही, तारीख. व्हाइटनर रेकॉर्ड रूममध्ये नसावाच. तारीख लिहिताना महिना अक्षरांत लिहा. ०३/०४ म्हणजे एकाला ३ एप्रिल वाटतो, दुसऱ्याला ४ मार्च.

ईसीजीचा कागद उष्णतेने उमटणारा असतो आणि काही वर्षांत फिका पडतो. त्यावर चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका. आला त्याच दिवशी त्याची प्रत काढा. मी एकदा जुनी फाइल उघडली तर आत नुसती पिवळसर कोरी पट्टी होती, खाली पेनाने लिहिलेली तारीख तेवढी शाबूत.

सुटे रिपोर्ट

फायली हरवण्यापेक्षा जास्त नुकसान सुट्या कागदांनी होतं, असं माझं ठाम मत आहे. रिपोर्ट येतो, टेबलावर पडतो, कुणीतरी भल्या हेतूने तो फायलीत लावून टाकतो, फाइल रॅकवर जाते. आता तो रिपोर्ट डॉक्टर कधी पाहणार? रुग्ण पुन्हा येईल तेव्हा. तो आलाच नाही तर?

नियम असा: डॉक्टरांची सही किंवा खूण असल्याशिवाय कुठलाही रिपोर्ट फायलीत जाणार नाही. आलेले रिपोर्ट एका पेटीत, पाहिलेले दुसऱ्या पेटीत. पहिली पेटी रोज दिवस संपायच्या आत रिकामी झाली पाहिजे, डॉक्टर कितीही दमलेले असोत. आणि ते रजेवर असतील तर त्यांच्याऐवजी कोण बघणार हे आधी ठरलेलं हवं.

दुसरी बाजू त्याहून नाजूक. जो रिपोर्ट आलाच नाही, त्याचा कागद नाही, म्हणून त्याची आठवण करून देणारंही काही नाही. त्यासाठी पाठवलेल्या तपासण्यांचं एक रजिस्टर ठेवा: तारीख, नंबर, काय पाठवलं, केव्हा यायला हवा, आला का. शेवटचा रकाना कोरा असलेल्या ओळी दर दोन दिवसांनी बघायच्या. ‘रिपोर्ट आला नाही म्हणजे नॉर्मल असेल’ असं रुग्ण धरून चालतात. त्यांना जाताना स्पष्ट सांगा: अमुक दिवसापर्यंत आमचा फोन आला नाही तर तुम्ही करा.

संगणकावर पेट्यांच्या जागी इनबॉक्स येतो, पण प्रश्न तोच. सही न झालेल्या रिपोर्टांची यादी काढता येते का, हे सॉफ्टवेअर घेण्याआधी विचारा. ‘उघडलं’ आणि ‘पाहून निर्णय घेतला’ या दोन वेगळ्या खुणा आहेत का, हेही.

संगणकावर जाताना

सगळ्या जुन्या फायली स्कॅन करायच्या, हा पहिला उत्साह असतो. करू नका. महिनोन् महिने माणसं अडकतात आणि ज्यातल्या निम्म्या फायली कुणी पुन्हा उघडणार नाही, त्यांचे फोटो तयार होतात. आम्ही असं केलं: उद्या ज्यांची अपॉइंटमेंट आहे, त्यांच्याच फायली आज काढायच्या. त्यांतली ॲलर्जी, चालू औषधं, आजारांची यादी, लसीकरण हे हाताने टाइप करून त्या-त्या रकान्यात भरायचं. नेमके महत्त्वाचे कागद, म्हणजे ऑपरेशनच्या नोंदी, बायॉप्सी, शेवटचे काही रिपोर्ट, एवढे स्कॅन करायचे. वर्षभरात जे रुग्ण खरोखर येतात ते सगळे संगणकावर आले.

हाताने टाइप का? कारण स्कॅन म्हणजे फोटो. फोटोत लिहिलेली पेनिसिलिनची ॲलर्जी औषध लिहिताना इशारा देत नाही. ती रकान्यात असेल तरच देते. टाइप एकाने करायचं आणि दुसऱ्याने कागदाशी ताडून पाहायचं, विशेषतः औषधाच्या मात्रेतला दशांश चिन्हाचा ठिपका. ०.५ मधलं शून्य लिहायचं, ५.० मधलं लिहायचं नाही. ठिपका पुसट झाला की ५० वाचलं जातं.

स्कॅन ३०० डीपीआयवर, लाल शाईच्या खुणा असतील तर रंगीत. आधी टाचण्या काढा, दोन्ही बाजू बघा. मागच्या बाजूला पेन्सिलने लिहिणारे डॉक्टर प्रत्येक दवाखान्यात एक तरी असतात. साठवायला पीडीएफ-ए हा प्रकार घ्या, तो दीर्घकाळ जपण्यासाठीच आखलेला आहे. नावात तारीख वर्षापासून सुरू करा, म्हणजे २०२४-०३-०७ अशी, म्हणजे यादी आपोआप तारखेच्या क्रमाने लागते. ‘नवा स्कॅन १’ या नावाची एकही फाइल दिसली तर मी ती परत करायला लावत असे. स्कॅन उघडून, पानं मोजून खात्री झाल्याशिवाय मूळ कागदाला हात लावायचा नाही.

विक्रेत्याला विचारायचा सगळ्यात उपयोगी प्रश्न: “एका रुग्णाची पूर्ण नोंद बाहेर काढून दाखवा, दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येईल अशी.” दाखवतो म्हणाला तर समोर बसून बघा. अशा देवाणघेवाणीसाठी एचएल-७ या संस्थेचं फायर हे मानक आहे, एक्स-रे आणि सीटी स्कॅनसारख्या चित्रांसाठी डायकॉम, निदानाच्या संकेतांकांसाठी आयसीडी-१० किंवा १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेलं आयसीडी-११, प्रयोगशाळेच्या तपासण्यांसाठी लॉइंक. ही नावं घेतल्यावर समोरचा गोंधळला तर चहा पिऊन उठा.

जुळे नंबर एकत्र करताना

एकाच माणसाचे दोन नंबर सापडले की लगेच ‘मर्ज’ दाबायचा मोह होतो. दोन नंबर असणं वाईट, पण दोन माणसं एका नंबरात जाणं त्याहून वाईट. मग कुठला रक्तगट कुणाचा, हे वेगळं करणं फार अवघड होतं, आणि काही सॉफ्टवेअरमध्ये परतीची वाटच नसते. नाव आणि जन्मतारीख जुळली तरी थांबा. जुळ्या भावांची नावं एकाच अक्षराने सुरू होतात, फोन एकच, पत्ता एकच. जुने आजार, ऑपरेशनं, सही जुळते का बघा. शंका असेल तर रुग्णालाच विचारा. दोघांनी स्वतंत्रपणे पाहिल्यावरच मर्ज करा, आणि बाद झालेला नंबर कधीही दुसऱ्या कुणाला देऊ नका. जुन्या नंबराने शोधलं तरी नवीन उघडलं पाहिजे.

लॉगिन

प्रत्येकाचं लॉगिन वेगळं. खिडकीवर चौघी एकाच पासवर्डने काम करत असतील तर नोंद कुणी बदलली ते कधीच कळणार नाही, आणि संशय चौघींवर. कोण कुठली फाइल उघडतो याची नोंद यंत्रणा ठेवते, हे सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगा. ओळखीच्या माणसाची फाइल उत्सुकतेने उघडणारे तेवढ्याने कमी होतात.

मागची नोंद कॉपी करून आजची म्हणून चिकटवण्याची सवय डॉक्टरांना लवकर लागते. एका रुग्णाच्या डाव्या पायाचं प्लास्टर नोंदींमध्ये पुढचे सात महिने तसंच होतं. माणूस चालत येऊन चालत जात होता. हे आपल्याला थांबवता येत नाही. पण नोंदी चाळताना दिसलं तर नम्रपणे दाखवून द्यायला हरकत नाही.

यंत्रणा बंद पडते त्या दिवशी

पडतेच. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतल्या अनेक रुग्णालयांचे संगणक बंद पाडले. हजारो अपॉइंटमेंट रद्द झाल्या, माणसं पेन-कागदावर आली. तुमच्याकडे बहुधा नुसती वीज जाईल, पण तयारी तीच.

एक खोकं भरून ठेवा. त्यात कोऱ्या नोंदींचे छापील कागद, कार्बन पेपर, फोन नंबरांची यादी आणि राखून ठेवलेल्या पन्नास नव्या नंबरांची यादी. हे राखीव नंबर महत्त्वाचे आहेत. यंत्रणा बंद असताना आलेल्या नव्या रुग्णाला त्यातलाच नंबर द्यायचा, म्हणजे नंतर दोघांना एकच नंबर जात नाही. रोज संध्याकाळी उद्याच्या रुग्णांची यादी ॲलर्जी आणि चालू औषधांसकट छापून कुलुपात ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी ती श्रेडरमध्ये. यंत्रणा सुरू झाल्यावर कागदावरचं भरताना वेळ लिहायची ती घटना घडल्याची. तुम्ही टाइप केल्याची नाही.

बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक इमारतीबाहेर. त्यातली एक तरी तारेने किंवा नेटने जोडलेली नको, नाहीतर खंडणीखोर तिलाही कुलूप लावतो. आणि बॅकअप परत चढवून बघितला नसेल तर तो आहे असं धरू नका. आमच्याकडे दोन वर्षं रोज रात्री ‘बॅकअप यशस्वी’ असा संदेश येत होता. चढवायला गेलो तर आत रिकामा फोल्डर.

काढून टाकताना

किती वर्षं ठेवायचं ते तुमच्या इथला कायदा सांगतो, आणि लहान मुलांच्या फायलींची मुदत पुष्कळ ठिकाणी ते सज्ञान झाल्यावर मोजायला सुरू होते. कोर्टात प्रकरण असलेली फाइल वेगळी काढा. नष्ट केलेल्या फायलींची यादी मात्र कायम ठेवायची. रद्दीवाल्याला नाही, श्रेडरमध्ये. आणि जुना फोटोकॉपीअर विकताना त्याच्या पोटातली हार्ड डिस्क काढून घ्या. त्यात स्कॅन केलेली पानं राहिलेली असू शकतात.

महिन्याची चाचणी

महिन्याच्या पहिल्या सोमवारी गेल्या महिन्यातल्या अपॉइंटमेंटच्या यादीतून डोळे मिटून दहा नंबर काढा आणि फायली शोधा, घड्याळ लावून. मग उलट: रॅकवरून कुठल्याही दहा फायली उचला आणि त्या संगणकाच्या यादीत आहेत का बघा. वीसपैकी किती सापडल्या ते भिंतीवरच्या तक्त्यावर लिहा.

न सापडलेली त्याच दिवशी शोधायची. आधी तिच्या आजूबाजूच्या फायलींच्या पोटात, कारण पातळ फाइल जाड फायलीत शिरते. मग अंक उलटे करून: ४७ नाही तर ७४ मध्ये. मग त्याच आडनावाच्या शेजारच्या रुग्णाच्या फायलीत. मग सुट्या रिपोर्टांच्या पेटीच्या तळाशी. आणि मग डॉक्टरांच्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात, जिथे ‘नंतर निवांत बघू’ म्हणून ठेवलेल्या असतात. मला सगळ्यात जास्त तिथेच सापडल्या.